मास्कमधलं जावळ

दहा दिवस आईनं डोक्याला हात लावायचा नाही, ही एकच सूचना ईशान तोडणकरला जड गेली. बाकीच्या तो मुकाट पाळत होता. पाठीला तीन उशा लावून अर्धवट बसल्यासारखं झोपायचं, खाली वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही, घाम येईल असं काही करायचं नाही आणि दर दोन तासांनी कपाळापासून टाळूपर्यंत मिठाच्या पाण्याचा फवारा मारून घ्यायचा. फवारा त्याची बायको सायली मारायची, आणि मारताना हसायची. "तीस वर्षं कलमांवर फवारे मारलेस, आता तुझी पाळी," म्हणायची.

ईशानला हसता यायचं नाही. हसलं की कपाळ ताणायचं, आणि कपाळावर सूज उतरली होती. तिसऱ्या दिवशी ती भुवयांपर्यंत आली, चौथ्या दिवशी डोळे बारीक झाले. हे सगळं डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिलेलं होतं, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. कागदावर न लिहिलेली गोष्ट एवढीच होती, की अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई शेजारच्या खोलीतून तासातासाला हात पुढे करून यायची आणि विचारायची, "शानू आला का?"

शानू समोरच बसलेला असायचा, तीन उशा लावून.

साल २०७७. टक्कल ही गोष्ट तोवर हौसेची होऊन बसली होती. कुणी नाटकात काम करतो म्हणून, कुणी मिजास म्हणून डोकं तुळतुळीत ठेवायचा. पण नाइलाजानं टकला झालेला माणूस अख्ख्या लांजा तालुक्यात शोधून सापडला नसता. ईशान तेवढा होता. आंबा-काजूची नर्सरी, डोक्यावर बारा महिने टोपी. झाडं काही माणसाचे केस बघून रुजत नाहीत. पस्तिशीत केस गेले तेव्हा सायलीनं दोनदा सांगून पाहिलं आणि नाद सोडला. आता सत्तावन्नाव्या वर्षी हाच माणूस आपण होऊन डॉक्टरकडे गेला, तेव्हा म्हाताऱ्याला पालवी फुटली म्हणून गावात चेष्टा झाली.

कारण वेगळं होतं. कारण आई होती.

तिच्या डोळ्यांचे पडदे दोनदा बदलून झाले होते. दिसायला तिला दिसायचं. पण चेहरा बघून माणूस ओळखणारा मेंदूतला कोपराच ओस पडला होता, आणि तो बदलून द्यायची विद्या अजून कुणाला आलेली नव्हती. आवाज ऐकू यायचा, तो कुणाचा हे लागायचं नाही. तिला दोन मुलगे होते आणि त्यातला एक गेला, एवढं मात्र पक्कं आठवायचं. राहिला होता स्पर्श. सायलीच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता, त्यावर बोट फिरवलं की ती म्हणायची, "सायली का गो?" ईशान जवळ बसला की तिचा हात सवयीनं त्याच्या डोक्यावर जायचा, गुळगुळीत कातडीवरून फिरायचा आणि मागे यायचा. "बसा हां," ती म्हणायची. "शानू येईल इतक्यात. कलमं बांधतोय तो." परक्या माणसाशी बोलावं तशी, अदबीनं.

लहानपणी ईशानचे केस सरळ, राठ आणि सदा उभे. आई त्याला साळू म्हणायची, साळिंदरावरून. रविवारी सकाळी पुढ्यात घेऊन खोबरेल चोपडताना "टोचतोस मेल्या" म्हणायची आणि तरी दहा मिनिटं जास्तच चोळायची. तिच्या तळव्याला तो शानू ठाऊक होता, हा नव्हता. दोन वर्षं ईशान आपल्याच आईसमोर पाहुण्यासारखा बसत होता. ती जायच्या आधी तिनं एकदा आपल्याला ओळखून नावानं हाक मारावी, एवढंच त्याला हवं होतं. फार हवं होतं.

फेब्रुवारीत तो रत्नागिरीच्या केंद्रात गेला. डॉ. तस्नीम मुकादम चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी त्याच्या मानेवर भिंग फिरवलं आणि मान हलवली.

"जुन्या पद्धतीत मागचे केस मुळासकट काढून पुढे लावायचे. तुमच्याकडे मागेही धड शिल्लक नाही. तुम्हाला मूळकलम लागेल."

"म्हणजे?"

"केसाचं नवं मूळ प्रयोगशाळेत वाढवायचं आणि डोक्यात लावायचं. त्यासाठी पेशीत असतो तो आराखडा लागतो. माणूस कसा घडवायचा ते ज्यात लिहिलेलं असतं, तो. अडचण अशी, की वय वाढतं तशी पेशी त्या आराखड्याची नक्कल करत जाते, आणि नकलेत चुका होतात. तुमची आजची पेशी घेतली तर आजच्याच चुका उगवतील."

"झेरॉक्सची झेरॉक्स," ईशान म्हणाला.

"काय?"

"जुना शब्द आहे. पुढे सांगा."

"म्हणून आम्ही पहिली प्रत शोधतो. लहानपणचा केस. कापलेला असला तरी चालतो. केस मेलेला असतो, पण आराखडा त्यात वाळून पडलेला असतो. तो वाचायचा, तुमच्या त्वचेच्या पेशीतला जुना काढून त्या जागी हा बसवायचा, की त्या पेशीपासून लहानपणचं मूळ तयार होतं. एकदा लागलं, की डोकं म्हातारं असो की तरुण, ते आपल्या उगमाचाच केस देत राहतं. याला आम्ही मूळधर्म म्हणतो."

ईशान हसला. "डॉक्टर, हे आम्हाला शिकवू नका. रायवळ कोयीवर हापूसची काडी बांधली तर आंबा हापूसचाच येतो. खाली मुळं कुणाची का असेनात. काडी आपली जात सोडत नाही."

"मग मला अर्धा तास बोलायची गरजच नव्हती," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या जावळातलं काही ठेवलंय का कुणी?"

ठेवलं होतं. आईच्या ट्रंकेत, स्टीलच्या डब्यात, एका निळ्या कापडी मास्कमध्ये बांधून.

त्या मास्कची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ईशानचा जन्म जून २०१९चा. अकराव्या महिन्यात जावळ काढायचं ठरलं, तो मे २०२० उजाडला, आणि त्या मे महिन्यात साऱ्या देशाला कुलूप होतं. न्हावी नाही, भटजी नाही. बाळाला मांडीवर घ्यायचा मान मामाचा; तो डोंबिवलीत अडकलेला, त्याला ई-पास मिळेना. आई हट्टाला पेटली. अकरावा हुकला तर तिसऱ्या वर्षापर्यंत थांबायचं, आणि पोरगं उकाड्यानं हैराण झालेलं. तिनं कापड बेतायची कात्री उकळून घेतली. मामाला मोबाइलवर बोलावून तो मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला, आणि मामाचा मान दिला दादाला.

दादा म्हणजे थोरला देवेन, आईचा देवू. तेव्हा नऊ वर्षांचा. दोन महिने सलून बंद, त्यामुळे त्याच्या डोक्याचं कुरळं जंगल झालेलं. आई म्हणाली, आधी तुझं आटपू. त्याला पाटावर बसवून त्याचे केस कातरले, आणि ते अंगाखांद्यावर तसेच घेऊन दादानं धाकट्याला मांडीवर घेतलं. खाली एकच चादर. मामाचं चित्र मधेच गोठलं, तोंड उघडं तसंच राहिलं, आणि दादा इतका हसला की बाळही रडायचं थांबून हसायला लागलं. वडिलांनी त्याचा फोटो काढला होता. घरात कितीतरी वर्षं तो फ्रिजवर लावलेला होता.

जावळ देवीला वाहायचं. पण देवळालाही कुलूप. तेव्हा देऊळ उघडेपर्यंत म्हणून आईनं चादरीवरचं मऊ, कुरळं जावळ गोळा केलं आणि ब्लाउजपीसचे मास्क शिवत होती त्यातल्याच एकात बांधून ठेवलं. देवळं उघडली तेव्हा लक्षात राहिलं नाही. पुढे २०२८च्या पावसाळ्यात चिखलणीहून आल्यावर दादाला ताप भरला. लेप्टो निघाला. पाचव्या दिवशी तो गेला, सतरा वर्षांचा. त्यानंतर आई देवीच्या पायरीलाही गेली नाही, आणि जावळ डब्यात राहिलं ते राहिलंच.

ईशान तेव्हा नऊ वर्षांचा होता. दादाचं त्याला जे आठवायचं, ते सगळं हातांचं होतं. कोयीला पाचर कशी द्यायची, दुधाच्या पिशवीची पट्टी कापून सांधा कसा आवळायचा, हे दादानं त्याच्या बोटांवर बोटं ठेवून शिकवलेलं. "आवळ, पण गळा दाबू नको," म्हणायचा. दादानं बांधलेलं एक कलम अजून विहिरीकडे उभं होतं. फळ उशिरा देतं, पण देतं.

मार्चच्या दहा तारखेला दोन हजार मूळकलमं ईशानच्या डोक्यात लागली. दहा दिवस सगळ्यांनी मिळून त्यांच्या केसालाही धक्का लागू दिला नाही, आणि यात अतिशयोक्ती नाही. दहाव्या दिवशी कोमट पाण्यानं खपल्या भिजवल्या, बोटाच्या पेरानं हलकेच गोल फिरवल्या, त्या सुटून आल्या. खाली टोचल्यासारखे काळे ठिपके. आईला बोलावलं. तिनं हात फिरवला. "दाढी वाढलीय तुमची," म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात ते ठिपकेही गळून उशीवर आले. कागदावर हेही होतं: केस पडतो, मूळ राहतं. सायली मात्र हिरमुसली. "नवी कलमं पण पहिली पानं टाकतातच," ईशान तिला म्हणाला. "काडी हिरवी असली म्हणजे झालं." बोलला खरा, पण दिवसातून चार वेळा आरशासमोर जात होता. गावानं चेष्टा करायची ती केलीच. चिमटे काढणाऱ्यांना सायलीनं परस्पर वाटेला लावलं.

जूनच्या अखेरीला लव आली. जुलैत, कोय कलमांचा हंगाम भरात असताना, ती बोटभर झाली. एक दिवस टोपी काढून भांडी घासायच्या चौथऱ्यावर डोकं धुताना ईशानला काहीतरी खटकलं. केस उभे राहत नव्हते. ओले झाले की वळत होते.

"कुरळे आलेत," सायली म्हणाली. "छान दिसतायत की. जावळ कुणाचंही कुरळंच असतं, पुढे सरळ होतील."

त्याच संध्याकाळी तो आईजवळ जाऊन बसला. चार महिने याच क्षणासाठी त्यानं उशांवर पाठ मोडून घेतली होती. आईचा हात आला, सवयीनं, डोक्यावर टेकला, आणि थांबला. मग बोटं केसांत शिरली. एक बोट एका वळणात अडकलं. आईनं ते सोडवलं नाही. दुसरा हातही आणला. तिचे ओठ हलायला लागले.

"देवू," आई म्हणाली. "देवू, कधी आलास रे?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण सहज म्हणतो. मारुती झाला म्हणून इतकं रडू मात्र कुणाला आलं नसेल. आई दोन्ही हातांनी त्याचं डोकं छातीशी धरून बसली होती, आणि एकोणपन्नास वर्षांचं सगळं एका दमात विचारत होती. ताप उतरला का, जेवलास का, इतका वाळलास कशानं. दोन वर्षांत ती इतकं बोलली नव्हती. ईशाननं तिला सगळं विचारू दिलं. शेवटी म्हणाला, "जेवलो, आई." तिनं मान डोलावली.

ईशान रत्नागिरीला जाऊन आला. डॉ. मुकादमनी त्याचे चार केस उपटून तपासले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नर्सरीत आल्या. मांडवाखाली, कलमांच्या ओळींमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "खात्री करायला आम्ही पाच केस तपासले. बाळाचं जावळ मऊ असतं म्हणून मऊ, बारीक केस निवडले. ते पाचही तुमचेच निघाले. लागवड दुसऱ्या विभागानं केली. त्यांनी जाड केस घेतले, कारण जाड केसात आराखडा शाबूत राहतो. त्या पुडीत दोन माणसांचे केस असतील, हे कुणाच्या मनात आलं नाही."

"एकच चादर होती," ईशान म्हणाला.

"भाऊ?"

"थोरला. गेला."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "दुसऱ्याचं मूळ शरीर सहसा झिडकारतं. पण केसाच्या मुळापाशी शरीराचे पहारेकरी फारसे फिरकत नाहीत, म्हणून लागलं. धोका काही नाही. फक्त ते केस तुमचे नाहीत. सहा महिन्यांच्या आत मी ते मुळातून काढून टाकू शकते, डाग न राहता. त्यानंतर मूळ कायमचं धरतं. तुमच्या पाच केसांचा आराखडा आमच्याकडे जपून ठेवलाय. हे काढल्यावर कातडी पुरी भरून आली, की वर्षभरात तुमचे स्वतःचे लावून देईन. सरळ, राठ, जसे होते तसे."

"वर्षभरात."

"त्याआधी जमणार नाही."

ईशाननं पुढ्यातलं एक कलम उचललं, सांध्यावरची पट्टी बोटानं चाचपली. "आई अठ्ठ्याऐंशीची आहे, डॉक्टर."

"मला माहीत आहे. म्हणूनच फोन केला नाही, आले. सहा महिने नऊ सप्टेंबरला पुरे होतात. त्या दिवशी सकाळची वेळ तुमच्यासाठी ठेवते."

तर असा पेच होता. केस काढावेत, तर आईच्या हातातून थोरला दुसऱ्यांदा जाणार. आणि धाकटा येईतो ती असेल की नाही, देव जाणे. ठेवावेत, तर आपण कोण हे तिला कधीच कळणार नाही. सायली एकदा म्हणाली, "तू आहेस कोण, हे तुला माहीत आहे ना? मग झालं." आणि मग स्वतःच म्हणाली, "नाही, असं होत नाही."

ऑगस्ट गेला. हे दिवस ईशानला वाईट गेले असं म्हणावं, तर तेही खरं नाही. रविवारी आई त्याला पुढ्यात घ्यायची आणि खोबरेल चोळायची. बोटं वळणांत अडकली की म्हणायची, "किती रे गुंता करून आणतोस." तिच्या तोंडून दादा रोज थोडा थोडा घरात यायचा. शाळेच्या डब्यातलं घावन कुत्र्याला घालणारा दादा. आंब्याच्या पेटीत झोपणारा दादा. धाकट्याला झोपवताना स्वतःच आधी घोरायला लागणारा दादा. यातलं अर्धं ईशानला ठाऊकच नव्हतं. भाऊ गेला तेव्हा तो लहान होता, आणि पुढे आईनं त्याचं नाव काढलं नव्हतं. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला भाऊ मिळत होता, तोही स्वतःच्याच डोक्यावर. कधी कधी तो आरशात बघून केसांना हात लावायचा आणि तिथेच उभा राहायचा.

एका रविवारी तेल लावता लावता आईचा हात थांबला.

"देवू, खरं सांगशील? मला इथं कुणी खरं सांगत नाही."

"विचार."

"माझा एक गेला. तापानं गेला, पावसात. एवढं मला ठाऊक आहे. मला वाटायचं तू गेलास." ती थांबली. "तू तर हा आहेस. म्हणजे शानूच गेला ना रे?"

हिशेब चोख होता. दोन मुलगे, एक गेला, एक हाताखाली. म्हातारीची बुद्धी गेली म्हणणाऱ्यांनी तो एकदा तपासून बघावा. ईशानला बोलता येईना. आई त्याची वाट बघत राहिली, आणि गप्प बसणं म्हणजे काय हे तिला कळलं. ती रडली नाही. तेलकट हात पदराला पुसून एवढंच म्हणाली, "नऊ वर्षांचा होता. टोचायचे केस त्याचे."

मग तिनं भाद्रपद कधी लागतोय ते विचारलं. दादा गेला ती तिथी सप्तमी. पितृपंधरवड्यातल्या सप्तमीला या घरात दादाचं पान निघायचं. यंदा आई म्हणाली, शानूचं काढायचं. त्याला घावन आवडायचं, नारळाच्या रसात बुडवून, तेच करा. सायलीनं ईशानकडे बघितलं. ईशान म्हणाला, "कर."

सप्तमी आठ सप्टेंबरला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीला जायचं, म्हणून सायलीनं गाडी सांगून ठेवलेली. जायचं की नाही हे ठरलेलं नव्हतं. वेळ ठेवली होती, एवढंच.

दुपारी केळीच्या पानावर भात, वरण, भाजी आणि रसातली घावनं वाढून ईशाननं ते पान विहिरीकडच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, नेऊन ठेवलं, दादाच्या कलमाखाली. आईला धरून आणलं, खुर्ची दिली. ती एका हातानं त्याच्या मनगटाला धरून होती. कावळे होते, नाही असं नाही. माडावर बसून बघत होते. एकही खाली उतरेना. पाव तास गेला, अर्धा तास गेला. रस भातात पाझरला.

"आला का?" आईनं विचारलं.

"नाही."

"काहीतरी राहिलंय पोराचं. जीव अडकलाय त्याचा." आईनं त्याचं मनगट हलवलं. "तू थोरला. तू कबूल कर त्याला, तुझं राहिलंय ते करतो म्हणून. काय राहिलं असेल रे त्याचं?"

ही कबुली आपल्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी देतच असतं. पान मांडलं, कावळा शिवेना, की हात जोडून म्हणायचं, तुझ्या पोरीचं लग्न करतो, तुझं घर पुरं करतो. पण ज्याचं पान आहे त्यानंच उभं राहून आपलं काय राहिलं ते सांगायची वेळ तोवर कुणावर आली नसेल.

"आई," ईशान म्हणाला, "त्याला वाटायचं, तू त्याला एकदा नावानं हाक मारावीस. तेवढंच राहिलं त्याचं."

"मी नाही मारली?"

"खूप दिवसांत नाही."

आई विचारात पडली. मग तिनं मनगट सोडलं, पदर सारखा केला, आणि गडग्याकडे तोंड करून, संध्याकाळी खेळायला गेलेल्या पोराला बोलवावं तशी, सगळा आवाज काढून हाक मारली.

"शानू! ए शानू!"

"ओ," ईशान म्हणाला.

म्हणायचं असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. तोंडून गेलं. पन्नास वर्षं त्या हाकेला तो तेच उत्तर देत आला होता.

आई ताठ बसली. तिचा हात चाचपडत आला, त्याच्या केसांत शिरला आणि तिथंच घट्ट झाला.

"ऐकलंस, देवू?" ती म्हणाली. "ओ दिली त्यानं. ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"सुटला पोर." तिनं मोठा श्वास सोडला, आणि तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाची वाट बघणं उरलं नाही. "जीव जळत राहायचा माझा. रोज वाटायचं, आत्ता येईल, आत्ता येईल. आता नाही बघायची वाट."

सायली मागच्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"तू तरी आता कुठे जाऊ नकोस," आई म्हणाली. तिची बोटं वळणांतून हळूहळू फिरत होती.

ईशाननं पानाकडे पाहिलं, मग सायलीकडे. "नाही जात," तो म्हणाला.

सायलीनं आत जाऊन उद्याची गाडी नको म्हणून कळवलं. थोड्या वेळानं कावळे उतरले आणि पान खाऊन गेले, पण तोवर तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या दिवसानंतर आईनं शानू आला का, असं कधी विचारलं नाही.